व्हाळाचा पूरनकाशा : साखळीखालच्या एका पाणलोटाच्या प्रकल्प नोंदी

१८ जानेवारी २०२५

गोव्यातल्या साखळी गावाच्या खालच्या अंगाला, कुडणे–न्हावेलीच्या बाजूला वाळवंटी नदीला मिळणाऱ्या एका व्हाळाचा, म्हणजे ओढ्याचा, पूरनकाशा करायचे काम आजपासून सुरू. पाणलोट जेमतेम ६ चौ. किमी. जांभ्याच्या सड्यावरून (खडकाळ पठारावरून) पाणी निघते, कुळागरांतून (पोफळी-केळीच्या बागांतून) उतरते, रस्त्याखालच्या मोरीतून वाड्यात येते, पुढे मळ्यात (सखल भातशेतीत) पसरते आणि शेवटी बांधातल्या मानशीतून (झडपांच्या दारातून) वाळवंटीत जाते. सगळा प्रवास साडेचार किलोमीटरचा. मोठ्या नकाशांवर या व्हाळाची रेघसुद्धा धड उमटत नाही, पण २३ जुलै २०२१ च्या पुरात याच्या काठच्या घरांत पाणी होते. तो पूर १९८२ नंतरचा सर्वांत मोठा, असे तेव्हा सरकारनेच सांगितले होते.

वाड्यातल्या लोकांची मागणी ठरलेली आहे: व्हाळ रुंद करा, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती घाला. दुसरीकडे मळ्याच्या कडेने मातीचे भराव पडू लागले आहेत. सखल जमीन परवानगीशिवाय भरायला गोव्याच्या नगरनियोजन कायद्याच्या कलम १७-अ ने बंदी आहे, पण अर्ज येतो तो एकेका तुकड्याचा. त्या एका तुकड्याने पाणी किती चढेल, असे विचारले तर उत्तर दरवेळी ‘नगण्य’ येते. सगळे तुकडे मिळून काय होईल, हे विचारायला हातात नकाशा लागतो.

महाराष्ट्रात नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतात, २५ वर्षांतून एकदा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आम्ही त्याच दोन रेषा धरून चाललो आहोत. पूरक्षेत्राच्या वापरावर बंधने घालणाऱ्या कायद्याचा नमुना केंद्राने १९७५ सालीच राज्यांना पाठवला. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड अशा मोजक्या राज्यांनी तो उचलला. पन्नास वर्षे हा विषय कागदावर राहिला, याचे वाईट वाटते.

६ फेब्रुवारी

उंचीचा आधार पक्का करण्यात आठवडा गेला आणि तो जायलाच हवा होता. आमच्या सगळ्या उंच्या सर्वे ऑफ इंडियाच्या बेंचमार्कवरून, म्हणजे सरासरी समुद्रपातळीवरून. मुरगावच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातले आकडे मात्र नौकानयनाच्या तक्ता-शून्यावरून असतात आणि ते शून्य सरासरी समुद्रपातळीच्या मीटरभराहून जास्त खाली आहे. दोन्ही आकडे तसेच शेजारी ठेवले, तर मळ्यातला सगळा पूर त्या एका फरकात बुडून जाईल. या मळ्यात मीटर तर सोडाच, दहा सेंटिमीटरलाही किंमत आहे.

उपग्रहाच्या उंची-नकाशावर हे काम होत नाही. ३० मीटरच्या चौकटीला व्हाळ दिसत नाही, आणि उंचीतली चूक काही मीटरची असू शकते. सड्यावरचा पाणलोट आखायला तो पुरला. खाली मात्र आरटीके (उपग्रहांवरून अचूक जागा-उंची देणारे यंत्र) आणि ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) घेऊन पायीच.

मळ्यात वायंगणाचे भात उभे आहे. स्टाफ (मोजमापाची उभी पट्टी) घेऊन जायचे तर मेरेवरूनच, म्हणजे शेतातल्या बांधावरूनच. त्यातून एक फायदा झाला. प्रत्येक मेरेची उंची आपोआप नोंदली गेली, आणि मळ्यातले पाणी कुठून कुठे जाते ते या मेराच ठरवतात.

२६ फेब्रुवारी

आडवे छेद घेणे चालू. ठरावीक अंतरावर यांत्रिकपणे छेद घेण्यात अर्थ नाही. जिथे पात्र आवळते, जिथे उतार बदलतो, मोरीच्या वर आणि खाली, वळणाच्या आधी, तिथे हवेत. छेद फक्त पात्राचा घेऊनही चालत नाही, दोन्ही बाजूंना पूर जिथवर चढू शकेल तिथवर न्यावा लागतो. आज एक छेद परसातल्या न्हाणीघराला लागून गेला. तिथल्या वहिनींनी स्वतः स्टाफ धरला आणि वर सांगितले, ‘चूल होती तिथवर पाणी होते, तिथवर घ्या.’

मोरीचे जवळून मोजमाप घेतले. १२०० मिमी व्यासाचे दोन ह्यूम पाईप. डाव्या पाईपच्या तोंडाशी चिऱ्याचा तुकडा आणि नारळाच्या झावळ्या अडकलेल्या, तळाला तांबडा गाळ. वरच्या बाजूला पात्रात पहार खुपसली. अर्धा मीटर सहज आत गेली, मग टण् असा आवाज आला. तो जुना तळ. डिचोली तालुक्यातल्या खाण-ढिगाऱ्यांची माती किती वर्षे ओहोळांत उतरते आहे, ते या अर्ध्या मीटरने सांगितले. खाणकाम २०१२ मध्ये थांबले, पुढे २०१८ मध्ये पुन्हा थांबले, पण ढिगारे पावसात धुपतच राहिले.

दोन्ही पाईप पूर्ण मोकळे धरले तरी एकूण पाच-सहा घनमीटर प्रति सेकंदाच्या पुढे जाणार नाहीत. आकडेमोड नंतर होईल, पण रस्ता बुडणार हे आजच दिसले.

१७ मार्च

शिगम्याच्या दिवसांत गावात माणसे भेटतात, म्हणून पुराच्या खुणा गोळा करायचे काम मुद्दाम आत्ता काढले. २०२१ ची खूण विचारली की बहुतेक जण कमरेवर हात ठेवतात. कमरेवरून पातळी काढता येत नाही. म्हणून भिंतीवरचा गाळाचा पट्टा, दाराच्या चौकटीवरचा डाग, कुंपणाच्या तारेत अडकलेला कचरा कुठवर होता, विजेच्या मीटरची पेटी भिजली की नाही, असे विचारत गेलो. खूण मिळाली की खिळा मारायचा, फोटो, लेव्हल. एकाच घरातल्या दोन खुणा जुळल्या की ती पक्की धरायची.

सर्वांत मोलाची माहिती मळ्याच्या कडेला राहणाऱ्या एका आजोबांनी दिली, आणि तीही पुराची नव्हे. ‘बाबा, चढणीचे मासे कुठून चढतात ते बघ,’ म्हणाले. पहिल्या मोठ्या पावसात मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर येतात, तेव्हा गावातली पोरे कुठे उभी राहतात ते त्यांनी चालून दाखवले. मेरेतली एक खाच, जुन्या पाटाचे बुजलेले तोंड, बांबूच्या बेटामागची सखल पट्टी. मासे चढतात म्हणजे तिथून पाणी वाहते, तेही सलग आणि पुरेसे खोल. माझ्या छेदांत यांतली एकही वाट आली नव्हती, कारण तिन्ही वाटा पात्रापासून दूर आहेत. त्या तिन्ही मोजून घेतल्या. मळ्याच्या प्रतिमानात (संगणकावरच्या नमुन्यात) पाणी वाटण्याची कामगिरी याच वाटा करणार.

९ एप्रिल

आज मॅनिंगचा ‘एन’, म्हणजे खडबडीतपणाचा आकडा. आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग याने १८८९ मध्ये मांडलेले सूत्र अजून सगळीकडे चालते: पात्राचा आकार, उतार आणि खडबडीतपणा दिला की वेग निघतो. आकार आणि उतार मोजता येतात. खडबडीतपणा डोळ्यांनी ठरवावा लागतो आणि तिथेच अनुभव कामाला येतो.

वाड्यातल्या एका सरळ भागाचे गणित इथे नोंदवतो, कारण पुढे लोकांना हेच दाखवायचे आहे. पात्र ६ मीटर रुंद, पाणी दीड मीटर, उतार पाचशेला एक. साफ केलेल्या व्हाळाला एन ०.०३५ धरला तर वेग १.२८ मीटर प्रति सेकंद, प्रवाह साडेअकरा घनमीटर. त्याच जागी झुडपे आणि वेली माजल्या, एन ०.०६ झाला, तर वेग ०.७५ आणि प्रवाह पावणेसात. एक वीटही न हलवता व्हाळाची वहनक्षमता चाळीस टक्क्यांहून अधिक घटली. पावसाळ्याआधीची साफसफाई हे इथले सर्वांत स्वस्त काम आहे.

उभ्या भाताला ०.०४५ धरला, कुळागराला ०.१. पोफळींमधून पाणी जाते, पण खालच्या केळी, अननस, मिरीवेली ते चांगलेच अडवतात. हे अडवणे खालच्या वाड्याच्या फायद्याचे आहे. कुळागरे तोडून तिथे फरसबंदी झाली, तर हाच प्रवाह लवकर आणि उंच शिखराने खाली येईल.

२ मे

पूरप्रवाह. पाणी सड्यावरून मोरीपर्यंत यायला किरपिचच्या सूत्राने सुमारे एक तास लागतो. म्हणजे इथे दिवसभराचा पाऊस महत्त्वाचा नाही, तासाभराची सर महत्त्वाची. पश्चिम किनाऱ्यासाठी केंद्रीय जल आयोगाचा पूर-अंदाजाचा अहवाल आहे, पण त्यातली पद्धत याच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या पाणलोटांसाठी आहे. अहवालातला पाऊस घेतला, पद्धत नाही. तासाला ७० मिमीची सर आणि भिजलेला सडा धरला की मोरीशी ७० घनमीटर प्रति सेकंदाच्या आसपास शिखर येते. २५ वर्षांच्या पुरासाठी हाच आकडा ठेवला आहे.

२१ मे

वळिवाने जोर धरला आहे आणि मानशीचे मोजमाप अजून बाकी. आज पावसातच उरकले. चिऱ्यांचे दोन गाळे, प्रत्येकात लाकडी झडप. बाहेरचे पाणी चढले की झडप दाबून बंद होते, आतले पाणी वरचढ झाले की आपोआप उघडते. खाजन शेतीला (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीला) खाऱ्या पाण्यापासून जपणारी ही गोव्याची शतकानुशतकांची योजना आहे आणि तिच्यासमोर उभे राहिले की करणाऱ्यांबद्दल आदर वाटतो. एका झडपेच्या खालच्या दोन फळ्या कुजल्या आहेत, बोट आत जाते. मासेमारीसाठी झडपेला मध्ये ओंडका लावून ती अर्धी उघडी ठेवल्याच्या खुणाही आहेत.

२७ मे

मान्सून २५ तारखेलाच गोव्यात पोचला. छेद वेळेत झाले हे बरे. मानशीच्या बाहेर आणि आत, दोन्हीकडे सेंटिमीटरच्या खुणा रंगवल्या आहेत. शेजारच्या घरातला कॉलेजात जाणारा मुलगा सकाळ-संध्याकाळ आणि मोठ्या पावसात तासातासाला फोटो पाठवणार आहे.

११ जुलै

काल गुरुपौर्णिमा, म्हणजे उधाणाची भरती. मांडवीत भरतीचा परिणाम समुद्रापासून जवळपास ५० किमी आतपर्यंत जाणवतो आणि तिला मिळणाऱ्या वाळवंटीच्या या खालच्या टप्प्यालाही तो चुकत नाही. मानशीवर उभा राहून पाहिले. बाहेरचे पाणी आतल्याच्या बरोबरीला आले तशी झडप थरथरू लागली, मग हळूहळू मिटली. कुजलेल्या फळीतून आत येणारी धार स्पष्ट दिसत होती. त्यानंतर आतले पाणी फक्त एका दिशेने गेले: वर. व्हाळ नेहमीसारखा वाहत होता, त्याला बाहेर पडायला जागा नव्हती. मळ्यात ते पाणी पसरले, ती मेरेतली खाच भरली, बांबूमागची पट्टी भरली.

ओहोटी लागली तेव्हा झडप उघडली आणि मळा उतरू लागला. रोजच्या दिवशी असे चालते. वाळवंटीलाच पूर असेल, तर ओहोटी येऊनही बाहेरची पातळी उतरत नाही आणि झडप मिटलेलीच राहते.

३० जुलै

हेक-रासवर प्रतिमान उभे राहिले. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाचे हे सॉफ्टवेअर मोफत मिळते, २०१६ च्या आवृत्तीपासून त्यात द्विमितीय प्रवाहही सोडवता येतो. वरचा भाग एकमितीय ठेवला, मळा द्विमितीय, आणि प्रत्येक मेर जाळीत रेषा म्हणून घातली.

प्रतिमानाच्या दोन धावा मुद्दाम समोरासमोर ठेवल्या. पहिलीत व्हाळाचे तोंड मोकळे, पाणी बिनअडथळा जाते असे धरले. दुसरीत मानशीबाहेर नदीची २०२१ ची पातळी लावली, जी बांधाच्या बाहेरच्या पंपघराच्या भिंतीवरून मिळाली होती. मोकळ्या तोंडाने खालच्या वाड्यातली पातळी खिळ्यांच्या खाली चाळीस-पन्नास सेंटिमीटर राहिली. बंद तोंडाने ती बहुतेक खिळ्यांना दहा सेंटिमीटरच्या आत भिडली. मोरीच्या वर मात्र दोन्ही धावांत काडीचा फरक नाही.

या व्हाळाला दोन वेगळे पूर आहेत. मोरीवरचा पूर पावसाचा: तासाभरात येतो, दोन-तीन तासांत जातो, वेगवान. खालचा पूर नदीचा: संथ चढतो आणि नदी उतरेपर्यंत बसून राहतो. नकाशात दोघांना एकाच निळ्या रंगाने भरले तर वाचणाऱ्याची फसवणूक होईल. वर खोली गुणिले वेग दाखवायचे, खाली पाणी किती तास राहते ते.

वरचे चित्र गंभीर आहे. मोरीतून न मावणारे पाणी रस्त्याच्या साठेक मीटर सखल भागावरून जाते, थर साठ-पासष्ट सेंटिमीटर, आणि खोली गुणिले वेग १ च्या आसपास. हा गुणाकार ०.४ च्या वर गेला की मुलांचे पाय टिकत नाहीत, ०.६ च्या वर मोठ्यांचेही. शाळेची वाट तीच आहे. हा रस्ता नकाशात लाल केला.

१२ ऑगस्ट

आता मळ्याचा हिशेब, कागदावर मांडता येईल इतका सोपा. झडप बंद असताना सहा तासांत ६० मिमी पाऊस, जो जुलैत काही नवलाचा नाही. त्यातला साठ टक्के वाहून आला तर ६ चौ. किमीवरून २ लाख १६ हजार घनमीटर पाणी मळ्यात येते. मळा ३० हेक्टर. तळ सपाट धरला तर पाणी ७२ सेंटिमीटर चढते. आता ४ हेक्टर भराव घालून उचला: तेवढेच पाणी २६ हेक्टरांत, ८३ सेंटिमीटर. १० हेक्टर उचला: १०८. मेरा आणि खाचांसह केलेल्या प्रतिमानाची उत्तरे यापासून फार दूर नाहीत.

खालच्या वाड्यातल्या घरांचे उंबरे मोजले होते. पहिल्या ११ सेंटिमीटरमध्ये काही घरे पाण्यात येतात, ३६ मध्ये जवळपास सगळी ओळ. ज्याने भराव घातला त्याचा प्लॉट कोरडा राहतो. पाणी जाते ते दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात, आणि त्या घराने कधी कुणाकडे अर्ज केलेला नसतो.

काँक्रीटच्या भिंतींचीही धाव केली. वाड्यातला व्हाळ दुप्पट रुंद, एन ०.०१५. वाड्याच्या वरच्या भागात पातळी छान उतरली. खाली मिटलेल्या झडपेशी पाणी आधीपेक्षा लवकर पोचले आणि खालच्या वाड्यात ते लवकर चढले, एका थेंबानेही कमी झाले नाही. नदी दार मिटून बसली असताना पाण्याला राहायला जागा लागते आणि ती जागा म्हणजे हा मळा. माझ्या मते तो व्हाळाच्या पात्राइतकाच व्हाळाचा भाग आहे आणि नकाशात मी तो तसाच दाखवणार.

१० सप्टेंबर

चवथ उरकली, गावात माणसे आहेत, म्हणून देवळाच्या सभामंडपात नकाशा लावला. भिंतीवर दोन पत्रके: एक मोरीवरचे, एक मळ्याचे. लोकांनी आधी आपले घर शोधले, मग शेजाऱ्याचे. मार्चमध्ये खिळा मारलेल्या घरांनी आपापले आकडे तपासले आणि त्यामुळे बाकीच्यांचा विश्वास बसला.

‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द मी वापरले नाहीत. त्याचा अर्थ लोक ‘२०२१ ला झाला, आता आपल्या हयातीत नाही’ असा लावतात. दर वर्षी शंभरात एक शक्यता, असे सांगितले. घराचे कर्ज तीस वर्षांचे असेल तर तेवढ्या काळात लाल रेषेचा पूर एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के, निळ्या रेषेचा ७१ टक्के. हे ऐकल्यावर मंडप शांत झाला. मग एका तरुणाने विचारले, ‘मग आमच्या भिंतींचे काय?’ त्याला दोन्ही धावा पडद्यावर शेजारी चालवून दाखवल्या. त्याने मळ्यातले पाणी चढताना दोनदा पाहायला मागितले. त्याचे घर वरच्या भागात आहे, भिंतींनी त्याचा फायदाच होता. ‘खाली मावशी राहते माझी,’ एवढे म्हणून तो बसला.

ज्यांनी मळ्यातले तुकडे विकायला काढले आहेत त्यांची बाजूही ऐकली आणि ती खोटी नाही. भातशेती परवडत नाही, माणसे मिळत नाहीत. मळ्याने गावाचे पाणी सांभाळायचे असेल, तर मळा राखणाऱ्याला त्याचा मोबदला मिळायला हवा. अहवालात हे वाक्य घातले आहे, जलशास्त्राच्या चौकटीबाहेरचे असले तरी.

२६ सप्टेंबर

अहवाल आणि नकाशे पंचायतीला आणि कुळांच्या संघटनेला सुपूर्द केले. प्रतिमानाच्या फायली, छेद आणि खिळ्यांच्या उंच्या सोबत दिल्या, म्हणजे पुढे दुसरा कुणी अभियंता आला तर त्याला शून्यापासून करावे लागणार नाही.

शिफारशी क्रमाने: मानशीच्या कुजलेल्या फळ्या पुढच्या मे महिन्याआधी बदलणे आणि पावसाळ्यात ओंडका लावण्यास बंदी. मोरी काढून तिथे तीन गाळ्यांची पेटी-मोरी, पण मळ्यातला भराव थांबल्यावरच. वाड्यातल्या व्हाळाची मेमध्ये सफाई, काठाला चिऱ्यांचे पिचिंग (दगडी अस्तर), तळ मातीचाच. मळा निषिद्ध क्षेत्र, निळ्या आणि लाल रेषांमधला पट्टा नियंत्रित, तिथे जोते लाल रेषेच्या पातळीवर. शाळेच्या वाटेला वरच्या बाजूने साकव.

फळ्यांचे काम संघटनेने लगेच मान्य केले, लाकूड दिवाळीनंतर येईल. भरावाचे दोन अर्ज पंचायतीने नकाशासह पुढे पाठवले आहेत. मोरीच्या वरचे छेद डिसेंबरात पुन्हा घ्यायचे, यंदाच्या पावसाने किती गाळ आणला ते पाहायला.